पोळ्याचे आवतन

गेल्या पोळ्यात तोरणाखालून आधी कुणाची बैलजोडी जावी, यावरून मोतीरामने भांडण काढले आणि शेजारचे वामनराव त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. उद्या पुन्हा पोळा होता. वामनरावांशिवाय आणखी एक सण मोतीरामला सोसवणार नव्हता. म्हणून गोठ्यात बैलाच्या खांद्यांना लोणी-हळद चोळताना तो बैलालाच वामनराव मानून क्षमायाचनेची तालीम करीत होता. "चूक माहीच होती," हे कालच्या तालमीतले वाक्य आज त्याला फारच लाचार वाटले. त्याने पुढे "पन सुरुवात तुमीच केली" असा युक्तिवाद जोडला. बैलाने मान फिरवली. मोतीराम हिरमुसला. अखेर तालीम सोडून त्याने रीतीप्रमाणे बैलाला मोठ्याने म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तुराट्यांच्या कुडापलीकडून वामनरावांचे दाबून ठेवलेले हसू फुटले. "जेवाले येतो बे. माफी मात्र कालचीच वाढजो. आजची लय तिखट हाये."