द्वारकाबाईंचा तांब्या

“नाव काय घालू?” सुदर्शनने भांड्यांवर नाव कोरायचं यंत्र सुरू करत विचारलं. कोथरूडच्या मदत मंडळाच्या खोलीत स्टीलच्या कोऱ्या कळशा रचल्या होत्या. पुराने धुऊन नेलेल्या धाराशिवकडच्या एका गावात त्या उद्या जायच्या होत्या.

चिटणीस अभिनवने मजकूर लिहूनच आणला होता. वर मंडळाचं नाव, खाली ‘यांजकडून पूरग्रस्तांस सप्रेम भेट’.

मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद विमलाबाईंनी चष्मा चढवून तो वाचला. “पूर ओसरेल रे, अक्षरं ओसरायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “त्या बायकांनी जन्मभर पूरग्रस्त म्हणून पाणी भरायचं का?”

लोक विश्वासाने पैसे देतात, ते कुठे गेले हे त्यांना दिसायला नको का, असं अभिनवचं म्हणणं. बाईंना ते पटत होतं. बिलं दाखव, फोटो पाठव, हिशेब देणगीदारांचाच आहे. पण कळशी जिच्या घरी जाईल तिची, असं त्यांनी सांगितलं.

अभिनवने टेबलावरचा पितळी तांब्या उचलला. सभेला पाणी त्यातूनच मिळे. घासून घासून पातळ झाला होता, तरी ‘सौ. द्वारका केशव ताम्हनकर’ ही अक्षरं बोटाला लागत.

“काकू, द्वारकाबाईंनी मंडळाला तांब्या दिला, नाव घातलं, म्हणून तर आज त्या आठवतात. देणाऱ्याचं नाव राहायला नको?”

विमलाबाईंनी तांब्या हातात घेतला.

“द्वारका माझी आई. इथे तो मी आणून ठेवला. तिला तो मिळाला होता. पानशेतच्या पुरात आमचं घर चमच्यासकट गेलं. शाळेत आसऱ्याला होतो, तिथे एक गृहस्थ भांडी घेऊन आले, बरोबर नाव घालणाराही. त्याने आईला विचारलं, ‘बाई, नाव काय घालू?’ तोवर आम्हाला सगळे पूरवाले म्हणत.”

“आणि ते गृहस्थ?”

“नाव विचारायचं राहिलं. पाणी प्यायले की अजून हात जोडते.”

सुदर्शनने यंत्र बंद केलं. अभिनवने मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला आणि गावात वाटपाचं बघणाऱ्या सोजरबाईंना फोन लावला. बायकांची नावं हवीत म्हटल्यावर त्या आधी हसल्या. कळशीवर आजवर सासऱ्याचं नाय तर मालकाचंच नाव असतंय, म्हणाल्या. मग एकेक नाव सावकाश सांगू लागल्या. आपलं शेवटी सांगितलं.

“आन् दिली कुणी म्हणून सांगू बायांना?”

अभिनवने तांब्याकडे पाहिलं.

“द्वारकाबाईंनी.”