दणका

बायकोला ऐकू येईनासं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जाड आवाज ऐकू आले तर आले.” म्हणून त्यानं तिच्या लाडक्या पिनबॉल मशीनमधला चिरका स्पीकर काढून भलामोठा, दणदणीत बेसवाला बसवला. “मार गं!” मशीनखालून त्यानं हात हलवला. गोळी सुटली, दिवे नाचले, आवाज मात्र शून्य. जन्मभर लोकांच्या खोड्या काढणारा तो स्वतःलाच हसला, कारण स्पीकरची वायर जोडायचीच राहिली होती. तेवढ्यात वर टाळी वाजली. “अहो, आलं ऐकू! काय दणका आहे हो!” त्याचं हसू विरलं. आता वायर जोडली तर मशीन तिच्या हाताखाली हादरणार आणि मघाशी आवाजच नव्हता, ऐकू आल्याचं आपलं सोंग पकडलं गेलं, हे तिला कळणार. त्यानं वायर गुपचूप आत सारली, स्क्रू आवळले आणि बाहेर येऊन खुणेनं विचारलं, “आवाज कमी करू?” “नको, शेजाऱ्यांनाही ऐकू दे.”