सासूबाईंना हाक मारण्याचं साधन

माझी सून एआयच्या साधनांची वर्णनं लिहिते. कुठलं साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. आधी मला वाचून दाखवते. या अडाणी बाईला समजलं, तरच पुढे पाठवते. तिनं लिहिलेलं वर्णन वाचून चालणारं यंत्र कधी चुकत नाही. तोंडावर कौतुक करत नाही मी, डोक्यावर बसेल.

आज माझा हात हातात घेऊन ती वाचू लागली, "सासूबाईंना सुनेच्या आवाजात हाक मारणे. सून घरात नसेल तरच वापरावे."

"वा! एक शब्द फालतू नाही."

"आई, हे मी नाही लिहिलेलं."

"मग एवढं स्वच्छ लिहिणारी दुसरी कोण गं?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचाच आवाज आला, "आई, जरा इकडे येता का?"

यंत्र चुकत नाही. शेजारी बसलेल्या बाईच्या हातातून मी माझा हात हळूच सोडवायला गेले.

सुटेना.