हिशेबाबाहेरचं

"अंगठी राहू द्या बोटात," कोर्टनी म्हणाली. "लग्नाची अंगठी, कपडे, दफनाची जागा, हे काही सरकार मोजत नाही. बँकेत दोन हजार डॉलरच्या वर नकोत, एवढंच."

लिओनाला हायसं वाटलं. पक्षाघातानंतर आयोवातल्या या शुश्रूषागृहात तिला खाट मिळाली होती आणि खाटेचे पैसे सरकार भरत होतं. वर्षातून एकदा जिल्हा कचेरीचं माणूस येऊन तिच्या नावावर काय काय आहे ते तपासायचं. जास्त काही निघालं की मदत बंद, खाटही गेली. कोर्टनी या कामावर नवी होती, पण पोरगी मायाळू वाटत होती.

शेजारी वेंडेल बसला होता. इस्त्रीचा शर्ट, चापून पाडलेला भांग. दर रविवारी यायचाच, आज मुद्दाम आला होता. अ‍ॅपल पाय तो तिला चमच्याने भरवत होता. इथल्या नर्सेस त्याला 'लिओनाचा हिरो' म्हणून चिडवायच्या आणि म्हातारा कानापर्यंत लाल व्हायचा.

"घटस्फोट झालाय ना तुमचा?" कोर्टनीने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"या वयात? फारच छळलं असेल हो नवऱ्यानं."

"माणूस वाईट नव्हता गं. चिकट होता. कधी बाहेर जेवायला म्हणून नेलं नाही मेल्यानं."

वेंडेलला ठसका लागला. लिओनाने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

कोर्टनी त्याच्याकडे वळली. "तुमची शेती आहे म्हणे?"

"आहे थोडीफार. मका."

"मग एक सांगते, रागावू नका. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडू नका. लग्न केलंत की तुमची शिल्लकही यांच्या हिशेबात धरतील आणि यांची मदत थांबेल."

"नाही पडणार," वेंडेल शहाण्या मुलासारखा म्हणाला.

कोर्टनीने सही घेतली, आता वर्षभर काळजी नाही म्हणाली आणि गेली. दोघांनाही फार बरं वाटलं. वेंडेलने खुर्ची खाटेला भिडवली.

"काय गं, तरी करायचं का लग्न?"

"बावन्न वर्षं केलं की तुझ्याशी," लिओना म्हणाली. "या खाटेपायी कोर्टात जाऊन मोडलं, तेव्हा कुठे तू चारचौघांत माझा हात धरायला लागलास. आता मोडलेलंच राहू दे."