सुनेची हाक

बुरुलनं दोर ओढला, तर त्याचं टोक रिकामंच हातात आलं. टोकाची कडी उघडी होती. सकाळी त्याच कडीत तिनं स्वतःच्या हातानं सासऱ्यांना अडकवलं होतं.

धुकं असं दाट, की पाच हातांवरचा माणूस दिसेना. बर्फावर चहाला टेकलेले म्हातारे तिनं पुन्हा मोजले. पाचच. सहावे कुठे गेले आणि कशाला गेले, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. सुनेच्या तोंडावर "लघवीला जाऊन येतो" म्हणणारा सासरा अख्ख्या इस्सिक-कुल सरोवराच्या काठावर सापडायचा नाही. आणि "बाबा, जायचंय का?" असं विचारणारी सूनही नाही. दोघांच्या लाजेपायी म्हातारा दोर सोडून हिमनदीवर एकटा गेला होता.

सकाळपासून सगळे तिची फिरकी घेत होते. "पोरी, आम्ही इथे मेंढ्या चारल्या तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस." खरं होतं ते. पण मेंढ्या बर्फावर चरत नाहीत. परक्या माणसांना डोंगरावर नेऊन संध्याकाळी परत आणायचं हे सुनेचं काम आहे तरी काय, ते एकदा डोळ्यांनी बघायला सासरे दोस्तमंडळींना घेऊन आले होते. तिला ते पुढे करू द्यायचं की बंद करायचं, हे आज घरी गेल्यावर ठरणार होतं.

तेवढ्यात बर्फाच्या उंचवट्यापलीकडून बुटांखालच्या काट्यांचा आवाज आला. करर्, करर्. सासरेच ते, परत येत होते. जाताना ते उंचवट्याला वळसा घालून गेले असणार. येताना मात्र बोलण्याच्या रोखानं सरळ निघाले होते. आणि मधे भेग होती. वर ताज्या बर्फाचा पापुद्रा, खाली किती खोल ते कुणी पाहिलेलं नाही. ती टाळायला म्हणून तिनं सकाळी सगळ्यांना लांबून फिरवून आणलं, तेव्हा तेमिरकुल म्हातारा हसला होता, "सूनबाई, वाट चुकलीस की काय?"

"बाबा, थांबा!" ती ओरडली.

"कोण, मी?" तेमिरकुल म्हणाला.

"मी तर बसलोय, बाई," दुसरा म्हणाला.

"अगं, कुणाला म्हणतेस?"

तिला सगळेच बाबा. तिकडे सासऱ्यांना वाटलं असणार, सून बाकीच्यांना दरडावतेय. आपण दोर सोडल्याचं तिला कळलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. करर्, करर्. "बाबा, हलू नका," ती पुन्हा ओरडली. पाचही म्हातारे हातातले पेले धरून जागच्या जागी बसून राहिले. पावलं येतच राहिली.

नऊ वर्षांत सासऱ्यांचं नाव तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. दवाखान्यात त्यांचं कार्ड काढायचं होतं, तेव्हा शेजारणीला सोबत नेऊन तिच्याकडून ते सांगवलं होतं. सासऱ्याचं नाव घेणारी सून म्हणजे आईबापांनी काही शिकवलंच नाही, असं सरळ तोंडावर म्हणतात लोक. आणि इथे तर पाच साक्षीदार बसलेले.

"जुमाकादिर!" घसा फाटेस्तोवर ती ओरडली. "जुमाकादिर, थांब!"

अहो-जाहोसुद्धा राहिलं नाही.

काट्यांचा आवाज बंद झाला.

थांबले, की गेले? बुरुलला कळेना. कान देऊन ऐकलं, काही नाही. "बसल्या जागचं कुणी हलायचं नाही," असं म्हाताऱ्यांना बजावून ती दुसरा दोर घेऊन निघाली. सासऱ्यांच्या पावलांचे ठसे धरून, दर पावलाआधी बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं पुढचं चाचपत. उंचवट्याचा वळसा संपेना. माणूस मेला असेल तर घरी काय सांगायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

सासरे उभे होते. पुढचा पाय अर्धवट उचललेला, तसेच. समोर मुठीएवढं काळं भोक पडलं होतं आणि त्यातून गार वारा वर येत होता.

"काठी गेली," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पडल्याचा आवाज नाही आला."

बुरुलनं त्यांना कडीत अडकवलं. कडी तिसऱ्या खेपेला लागली. "बाबा, चुकले मी," ती म्हणाली. परत येईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हातारे माना खाली घालून बसले होते. भेगेचं कुणी काही विचारलं नाही. शेवटी तेमिरकुल खाकरला. "आमच्या सुना अजून तरी असं करत नाहीत हो."

सासऱ्यांनी चहाचा पेला घेतला. अर्धा चहा हातावरच सांडला.

"बुरुल," ते म्हणाले, "यांची नावं घे. एकेकाचं."

"कशी घेऊ, बाबा?"

"माझं घेतलंस तशी."

"आता कशाला?" तेमिरकुल म्हणाला. "खालीच तर चाललोय."

"खाली पोहोचेपर्यंत अजून तासभर धुकंच आहे. आणि पुढच्या रविवारी तिला दुसरी माणसं न्यायची आहेत. सवय व्हायला हवी."

बुरुलचा चेहरा कानांपर्यंत तापला. मान खाली घालून ती पुटपुटली, "तेमिरकुल."

"मोठ्यानं," सासरे म्हणाले. "एवढ्यानं कोण थांबणार?"