धोका: जास्त

"झालं मंजूर. जेवले काय, सर?" दर शनिवारी दुपारी नागपूरहून बोबडे मॅडमचा फोन येई आणि याच प्रश्नावर संपे. त्याला खरं उत्तर देता यावं म्हणून खांबेटे त्या दिवशी एकट्यासाठी कुकर लावत. एरवी ब्रेडवर भागायचं.

काम तसं क्षुल्लक. पुण्यात घरी बसून कंपनीचा सर्व्हर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. पण त्यासाठी आधी विनंती टाकायची आणि आपली विनंती आपणच मंजूर करायची नाही, असा नियम. म्हणून मॅडम फोनवर सगळं विचारून घेत, मगच विनंती पुढे सरके.

वर्षभर एकही चूक झाली नाही, म्हणून खांबेट्यांना शाबासकी मिळाली. वरून निरोप आला, कमी धोक्याचं हे काम आता आपोआप मंजूर होईल, कुणाला विचारायची गरज नाही. त्या शनिवारी विनंती टाकताक्षणी स्क्रीनवर 'मंजूर' उमटलं. सर्व्हर बंद झाला, चालू झाला. फोन काही वाजला नाही. कुकर ओट्यावर तसाच गार झाला.

पुढच्या शनिवारी विनंतीच्या फॉर्मवर 'धोका'समोरचं 'कमी' काढून त्यांनी 'जास्त' निवडलं. विनंती मंजुरीपाशी अडली आणि फोन वाजला.

"सर, जास्त काहून लिहिलं? याच्यात कसला आला धोका?"

"मागच्या शनिवारी जेवलोच नाही हो," खांबेटे म्हणाले.

"मंजुरी अडवून ठेवते," मॅडम म्हणाल्या. "आधी जेवून घ्या."