डोहाचे आचमन
पूर्णा नदीच्या डोहातून बुडबुडे येत आणि काडी लावताच ते निळसर पेटत, म्हणून साखर कारखान्याच्या मालकांनी काठावर स्वयंभू ज्योतीचे मंदिर बांधायला घेतले. भूमिपूजन सांगायला आलेल्या योगीराजशास्त्रींना मात्र सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या नातीने समजावले होते: कारखान्याची मळी गाळात साचते, हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव तिच्यावर पोसतात आणि ज्वलनशील वायू सोडतात. "गुरुजी, मुहूर्त टळायलाय, करा की सुरू," मालक म्हणाले. शास्त्रींनी तांब्या शांतपणे डोहात बुडवला आणि काळ्या पाण्याची पळी मालकांपुढे धरली. "यजमान, आधी आचमन." "हे पाणी? लय घाण हाय! बाटलीतलं घ्या." "ज्योत इथली, तर पाणीही इथलेच." मालकांचा उघडलेला तळहात मिटला. जमलेले गाव त्या मुठीकडे पाहत राहिले. "मंग पूजा न्हाई म्हणता?" "आधी मळी सोडणे बंद करा," शास्त्री म्हणाले. पळी हलली नाही.